पोपटानं बंद पाडलेली मिल

१८ नोव्हें., मंगळ.
पोपट आज सहाव्या लेव्हलला सागाच्या झाडावर आपटून गेला. काल पाचवीतच मेला होता. म्हणजे प्रगती आहे.
मालकानं ऑफिसच्या कॉम्प्युटरला कॅमेरा बसवला तो व्यापाऱ्यांशी समोरासमोर बोलायला. व्यापारी काही तोंड दाखवत नाहीत, ते फोनवरच भाव पाडतात. म्हणून कॅमेरा माझ्या वाट्याला आला. गेम ब्राउझरमध्येच चालतो, काही उतरवून घ्यावं लागत नाही, मागे पुरावाही राहत नाही. कॅमेऱ्यापुढे हात धरायचा. पंजा उघडला की पोपट वर जातो, मूठ केली की खाली येतो, हात सरकवला की झाडं चुकवतो. पुढच्या लेव्हलला ससाणा येतो म्हणे. तेव्हा दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे, म्हणजे पोपटाभोवती ढाल होते.
बी.कॉम. केलं ते यासाठी का, असं दादा म्हणेल. दादाला सांगतंय कोण.

२० नोव्हें., गुरु.
धानाचा सीझन. मूल गावातल्या सगळ्या राइस मिल सकाळपासून धडधडताहेत. माझी केबिन वर, लोखंडी जिना चढून. समोर मोठी काच आणि काचेखाली अख्खी मिल. त्या आवाजात तोंडाचं काम दोनच, चहा आणि तंबाखूचा खर्रा. बाकी सगळं बोलणं हातानं. बोटांची चिमटी दाखवली की कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, फार पडते आहे. पंजा गोल फिरवला की चालू कर. डोक्यावर फुली म्हणजे बंद, आत्ताच्या आत्ता, का ते नंतर विचार. पोती भराईच्या बायांची मुख्य सुशीलाबाई, तिचा पदर एकदा मशीनच्या पट्ट्यात गेला होता. कुणीतरी फुली केली म्हणून बाई आज आम्हाला शिव्या द्यायला आहे.
ऑपरेटर सिद्धार्थ. नागभीडकडचा, इथे खोली करून राहतो. पॉलिशरजवळ उभा असतो, बरोब्बर माझ्या काचेसमोर. (ही मालकानं ठरवलेली जागा, मी नाही.) तीन सीझन झाले, रोज दिवसभर बोलतो आम्ही. जेवण झालं का, चहा आला का, मालक आला, सावध. आवाज मात्र त्याचा फारसा ऐकलेला नाही. हातांच्या बोलण्यात तू आणि तुम्ही नसतं, ते मला आवडतं.
रात्री जेवताना दादानं जाहीर केलं, घुग्घुसचं स्थळ आलंय. मुलगा कोळसा खाणीत. "पर्मनंट हाय," म्हणाला. भात वाढताना परत म्हणाला. ताक पिताना परत. १४ डिसें.ला पाहायला येणार.

२४ नोव्हें., सोम.
लाज वाटते आहे आणि लिहिता लिहिता हसूही येतं आहे.
सातवी लेव्हल लागली. ससाणा आला. मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. पोपटाभोवती ढाल आली, ससाणा आपटून गेला, मी खूश. आणि मिल थांबली.
एवढा मोठा आवाज एकदम बंद झाला की कान दुखतात, हे आज कळलं. मला वाटलं लाइट गेली. पण कॉम्प्युटर चालू होता. मग जिन्यावर धाडधाड पावलं. सिद्धार्थ दारात, केस धानाच्या कोंड्यानं पांढरे, श्वास लागलेला.
"हात दाखवा."
मी दाखवले. त्यानं दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले, एकेक बोट. मग मनगटं. मग माझ्याकडे. मग स्क्रीनकडे. तिथे पोपट पंख फडफडवत होता.
खालून मालक ओरडत होते, "कोनं बंद केली बे मिल?" तो खाली गेला.
माझा हात कशात सापडला समजून बोटं मोजायला एवढ्या धावत आजवर कुणी आलं नव्हतं.

२५ नोव्हें., मंगळ.
मिल अशी मधेच थांबवली की धान वर नेणारं एलिव्हेटर तुंबतं. काल दुपारभर सगळे हातानं धान उपसत बसले होते. मालकानं विचारलं तेव्हा सिद्धार्थनं सांगितलं, पट्ट्याचा आवाज वेगळा येत होता. पट्टा तपासला, ठणठणीत. मालक तापले. "आजपासून तू रातपाळी कर. तिथं ऐक आवाज."
सकाळी काचेखाली दुसराच कुणी उभा. मी दिवसभर मान खाली घालून बिलं केली. खोटं तो बोलला आणि चटका मला बसतोय.

२६ नोव्हें., बुध.
सांगून टाकलं मालकाला. पट्टा नव्हता, पोपट होता.
म्हणाले, "दाखव." दाखवला. मालकांच्या बोटांत अंगठ्याच अंगठ्या, कॅमेऱ्याला पंजा ओळखू येईना. पोपट पहिल्याच झाडावर. परत खेळले. परत मेला. अंगठ्या काढून टेबलावर ठेवल्या आणि परत खेळले. चहा निवला. शेवटी म्हणाले, "मायी मिल याच्यासाठी थांबली?"
सिद्धार्थला बोलावलं. "खोटं काऊन बोलला?"
"मॅडमचं नाव कायले घेऊ?" एवढंच म्हणाला तो, जमिनीकडे बघून.
निकाल लागला: सिद्धार्थ परत दिवसपाळीत. गेम फक्त जेवणाच्या सुट्टीत. आणि काचेला पडदा, म्हणजे ऑफिसातले हात मिलमध्ये दिसायलाच नकोत. मी हो हो म्हटलं. मला वाटलं स्वस्तात सुटले.

२९ नोव्हें., शनि.
जेवणाच्या सुट्टीत मिल बंद असते तेव्हा माझ्या केबिनमध्ये जत्रा भरते. भराईच्या बाया डबे घेऊनच वर येतात. पण गंमत अशी की एकीचाही पोपट जगत नाही. यांचे हात आधीच शिकलेले आहेत. झाड जवळ आलं की मूठ करायची सोडून चिमटी दाखवतात, पोपटाला कनकीचं काय कळणार. सिद्धार्थ तर पोपट जरा थांबला की पंजा गोल फिरवतो. पोपट गिरक्या घेत घेत सागात.
सुशीलाबाईनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि स्क्रीनला विचारलं, "हा पोपट मरतेच काऊन बाप्पा? याले जगाचं नाई काय?"
मी शिकवायला सिद्धार्थचा पंजा धरून सरळ केला. बाया एकदम खोकल्या. सगळ्यांनाच कोंडा लागला वाटतं घशाला.

२ डिसें., मंगळ.
पडदा लागला. मालकाच्या पुतण्याच्या लग्नातलं मांडवाचं उरलेलं कापड, गुलाबी आणि पिवळं. दिवसभर लग्नात बसल्यासारखं वाटतं, फक्त नवरदेव दिसत नाही.
सुट्टीत आज कुणी आलं नाही, भराई जोरात आहे. एकटीच खेळले. अकरावी लेव्हल. आजवरचा सगळ्यात मोठा स्कोअर. मान वर करून काचेकडे पाहिलं, हात वर केला सांगायला. समोर गुलाबी कापड.
आता इथे तरी खरं लिहावं. मला स्कोअरचा आनंद झाला नाही. तो दिसत नाही तर दिवस जात नाही. असं आहे.

६ डिसें., शनि.
सकाळी आईबरोबर विहारात. पांढरी साडी. मेणबत्त्या, वंदना, सगळे शांत बसलेले. बाहेर पडताना पायऱ्यांवर सिद्धार्थ, पांढऱ्या शर्टात, केस काळे. कोंड्याशिवाय पहिल्यांदा पाहिला. केस काळेच असणार, पण मला नवल वाटलं.
"जयभीम मॅडम!" तो म्हणाला. म्हणजे ओरडलाच. मिलमधल्या माणसाला हळू बोलणं उरतच नाही. अख्खं विहार वळून पाहू लागलं. भंतेजींनीसुद्धा पाहिलं. तो कानापर्यंत लाल.
मी जयभीम म्हटलं. मिलमध्ये दिवसभर बोलणारे आम्ही, इथे शांततेत एक वाक्य सुचेना. तो म्हणाला, "तुमी बऱ्या हा ना?" मी म्हटलं, "हो. तुम्ही?" त्यानंतर आम्ही चपला शोधल्या.
आई वाटेत म्हणाली, "कोन होता वं तो? बहिरा हाय का?"

९ डिसें., मंगळ.
मोटर जळाली. मिस्त्री चंद्रपूरहून येणार, तोवर मिल बंद. बाया घरी गेल्या. सिद्धार्थ मोटरजवळ थांबायचं म्हणून थांबलेला. दुपारी वर आला. दारातच उभा.
"खेळू का?" मी विचारलं.
गेममध्ये दोघांचाही खेळ आहे. एकच पोपट, एक पंख याचा, एक त्याचा. डावा हात माझा, उजवा त्याचा, दोघांनी एका वेळी हलवायचे. नाही जमलं तर पोपट गरगर फिरतो. आधी आम्ही बोलत बोलत खेळलो, वर घे, खाली घे, आता आता. सारखा मेला. मग दोघंही कंटाळून गप्प झालो, आणि पोपट उडायला लागला. सरळ. नदीवरून, सागावरून. ससाणा आला तेव्हा एका हाताची फुली दुसऱ्याच्या हाताशी करावी लागते. केली. किती वेळ गेला कुणास ठाऊक.
मला फार बरं वाटत होतं म्हणूनच असेल, मी मूर्खासारखं सांगितलं, रविवारी घुग्घुसचे लोक पाहायला येताहेत.
पोपट पडला.
तो म्हणाला, "चांगलं हाय. खाणीतला असन तर पर्मनंट असन."
याच्याही तोंडात तोच शब्द. मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं मला काम आहे. मिल बंद, मोटर जळालेली, आणि मला काम आहे म्हणे.

११ डिसें., गुरु.
मिल सुरू. सुशीलाबाई चहा घेऊन वर आली आणि चहा न देताच बसली.
"काऊन तोंड पाडून बसली? तो बी तिकडं तसाच. मशीनचा रोल उलटा लावून राह्यला होता सकाळी."
मी सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, "तो काय म्हनन पोरी? सीझन संपला का त्याचं काम संपते. त्यानं कोनत्या तोंडानं म्हनाव का नको करू? तुले पाह्यजे तर तू म्हन."
"मी कशी म्हणू?"
"इशारे मिलमंधी चालते. लगनात तोंड उघडा लागते."
मग तो चहा तिनंच पिऊन टाकला.

१४ डिसें., रवि.
घुग्घुसवाले येऊन गेले. मी मनात आधीच त्याला नापास करून ठेवलं होतं: पोट असेल, गॉगल असेल, हुंड्याचं आडून बोलेल. यातलं काहीच नाही. अमित नाव. मोटरसायकलवर आला, मामा मागे बसलेले. "शर्ट सकाळी पांढरा होता," म्हणाला, "रस्त्यानं ट्रकच ट्रक." मामा म्हणाले, आम्हाला काही नको, मुलगी शिकलेली आहे, बस.
दोघांना बोलायला पाच मिनिटं दिली. त्यानं विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करता. मी चिडून म्हटलं, पोपट उडवते. तो म्हणाला, "हातानं उडवतात तो? मी बाराव्या लेव्हलला अडकलोय." खिशातून फोन काढून दाखवलाही.
चांगला माणूस आहे. हीच तर पंचाईत. वाईट असता तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं. आता नाही म्हणायचं तर खरंच कारण लागेल, आणि खरं कारण एकच आहे.
दादा हवेत. येत्या रविवारपर्यंत कळवतो म्हणाला त्यांना.

१७ डिसें., बुध.
आई तांदूळ निवडत होती. मी समोर बसले, मूठभर ओढले. (इतका पॉलिश केलेला तांदूळ मी घरी आणते, तरी ती निवडते.) म्हटलं, आई, मला सिद्धार्थ आवडतो.
"कोन सिद्धार्थ?"
"मिलमधला. ऑपरेटर."
"विहारात बोंबलला तो?"
"तोच."
ती निवडतच राहिली. "त्यानं इचारलं का तुले?"
"नाही."
"मंग?"
"मी विचारणार आहे."
आता तिनं वर पाहिलं. रागावली नाही. घाबरली होती, ते दिसलं. "अन् तो नाई म्हनला तर? घुग्घुसबी जाईन, हाबी जाईन."
मी म्हटलं, हो, तसं होऊ शकतं.
दादाला आईनंच सांगितलं. तो जेवला नाही. अंगणात फिरत होता. एकदा दारात येऊन म्हणाला, "सीझनवर काम करते तो, सुजाता. सीझनवर." दादा वाईट नाही. बाबा गेल्यावर माझी काळजी हेच त्याचं दुसरं काम झालंय, आणि ते काम त्याला मनासारखं पार पाडायचं आहे. मला त्याच्याबद्दल माया वाटते आणि रागही येतो.

१९ डिसें., शुक्र.
विचारलं.
पाळी सुटताना, सायकल स्टँडपाशी. मिल मागे थांबत आलेली. दिवसभर वाक्य पाठ केलं होतं ते गेलंच. म्हटलं, "घुग्घुसला मी नकार कळवणार आहे. ते तुझ्यावर नाही ढकलत, ते माझं मी ठरवलं. आणि तू मला आवडतोस, हे वेगळं सांगते. तुझं काय?"
तो फडक्यानं हात पुसत राहिला. स्वच्छ झालेलेच हात.
"माही खोली पाह्यली का तुमी? पत्रे हाय वर."
"खोली नाही विचारली मी."
फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "पडदा लागला तवापासून मले काम सुदरत नाई." मग म्हणाला, "आवडता. लई आवडता. पन मायनं मामाची पोरगी मनात धरून ठेवली हाय. बाप गेल्यावर मामानंच पोसलं आमाले. मायले सांगल्याबिगर मी तुमाले हो म्हनलो तर तुमालेच फसवन मी."
उद्याच्या गाडीनं गावाला जातो म्हणाला, सोमवारी कामावर येतो. मी बरं म्हटलं. सायकल काढली. स्टँड वर करायलाच विसरले आणि तशीच खरडत नेली फाटकापर्यंत. त्यानं मागून सांगितलं नाही, तोही बघतच राहिला असणार.
आज खरंच आनंद झाला आहे. भीतीही आहे, पण आनंद जास्त आहे. तो सोमवारी काय सांगेल ते सांगेल. आवडता म्हणाला, ते तर आता परत घेता येत नाही.

२१ डिसें., रवि.
दादानं घुग्घुसला फोन केला. मी म्हटलं होतं मी बोलते, तर म्हणाला, आणलं मी होतं, परत मीच पाठवतो. कारण खरं सांगितलं. पलीकडून अमितच बोलला, "सांगून टाकलं ते बरं केलं भाऊ." आणि मग, "त्यांना विचारा, बारावी लेव्हल कशी काढायची." दादानं मला विचारलं. मी म्हटलं, दोघांनी खेळा आणि बोलू नका. दादानं तसंच्या तसं सांगितलं, त्याला काही कळलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र हसला थोडा.
नागभीडकडून काही नाही. फोन नाही, निरोप नाही. तिथे शेतात रेंज नसते म्हणे. किंवा असते.
आईनं संध्याकाळी विचारलं, "त्याची माय नाई म्हनली तर?"
"तर नाही म्हणेल."
"मंग हे चांगलं स्थळ तू कायच्या भरोश्यावर सोडलं?"
चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत बसून राहिले. मग म्हटलं, "माझ्या."
तिनं पाणी उतरवलं.

२२ डिसें., सोम.
सकाळची घाई, दोनच ओळी.
आईनं रोजचा डबा परत फडताळात ठेवला आणि वरून मोठा काढला, पाहुण्यांचा, तीन पुडांचा. भात, वांग्याची भाजी, वर लसणाची चटणी, सगळं दोघांना पुरेल एवढं. दादा बूट घालता घालता बघत होता.
तो आज कामावर येतो की नाही, माहीत नाही. डबा एका हातानं धरून सायकल चालवणं अवघड आहे. निघते.